डावा कौल

त्या हिवाळ्यातल्या सकाळी आठवतात त्या पाण्याखालून पाहिल्यासारख्या. नाश्ता झाला की आई माझ्या तळहातावर गोळ्या ठेवायची, सहा पांढऱ्या, कडू, आणि त्या गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मग तासाभराने काहीतरी व्हायचं. मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रोज दिसतं तेच दिसायचं: समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी, ग्रिलमध्ये वाळणारे टॉवेल, खाली इस्त्रीवाल्याची टपरी. पण ते सगळं कुणीतरी नुकतंच धुऊन पुसून ठेवल्यासारखं वाटायचं. इस्त्रीवाला ज्या शर्टावर इस्त्री फिरवत असेल तो इतका निळा असायचा की मला उगाचच भरून यायचं. मी तसा रडका माणूस नाही. सोसायटीत माझी ख्याती तिरसट अशीच आहे, आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे. पण त्या दिवसांत मला लोकांच्या शर्टांवरून भरून यायचं.

"हे स्टिरॉइडचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काहींचं मन तरंगतं, काहींची झोप उडते, काहींचा राग वाढतो. माझ्या वाट्याला तिन्ही आलं. त्यामुळे त्या तीन-चार महिन्यांत नक्की काय घडलं आणि मी दुपारच्या ग्लानीत काय पाहिलं, यातली सीमारेषा आजही मला नीट आखता येत नाही. आणि रेषा आखणं हा तर माझा धंदा. भाईंदर पश्चिमेला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे.

सुरुवात खोकल्याने झाली, गणपतीनंतर. रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या. आता आमच्याकडे या गोष्टीला कुणी आजार मानत नाही. त्याला सगळे इस्नोफिलिया म्हणतात आणि तो सर्दीचा थोरला भाऊ असल्यासारखं वागवतात. शेजारची गुजराती काकी म्हणाली, "अरे, मेरे को तो हर साल होता है. हल्दीवाला दूध पियो." मी हळदीचं दूध प्यालो. खोकल्याची औषधं घेतली. दिवाळीच्या आसपास एकदा लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो तो उठताच येईना. बूट काढले तर पाय सुजलेले, आणि मोज्याच्या रबराचा वळ बोटभर खोल.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, मग सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी आली. त्या काळोख्या खोलीत मी डाव्या कुशीवर पडून पडद्याकडे बघत होतो. करड्या पाण्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. ते माझं हृदय आहे यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नाही. खरं सांगतो, मला ते सुंदर वाटलं. चार खोल्यांचं छोटं घर, मधे दारं, दारं आपोआप हलतायत. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने एक भिंत दाखवली. तिथे ओल धरल्यासारखी जाड कड होती, आणि कडेला चिकटलेली रक्ताची एक बारीक गुठळी.

"या पेशी आपल्याच असतात," त्या म्हणाल्या. "अंगात जंत शिरले, ॲलर्जी झाली, तर आपल्या बाजूने लढतात. तुमच्याकडे त्या गरजेपेक्षा फारच जास्त झाल्यात, आणि लढायला कुणी नाही म्हणून हृदयाच्या भिंतीत शिरल्यात."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," आई म्हणाली. ती माझ्या मागे पिशवी पोटाशी धरून बसली होती.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

कॅन्सरसारखं काही नाही ना याच्या आणखी तपासण्या झाल्या. स्टिरॉइडच्या आधी जंताचं औषध दिलं, कारण पोटात कुठे जंत लपून बसला असेल तर स्टिरॉइडमुळे तो मोकाट सुटतो. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला जंताचं औषध, याचं आईला त्याही परिस्थितीत हसू आलं. मग गोळ्या सुरू झाल्या. निघताना बाईंनी मला नाही, आईला बजावलं. ही गोळी एकदम थांबवायची नाही. जिना उतरतो तशी, एकेक पायरी. मधेच सोडली तर पेशी परत उसळतील, आणि हे हृदय दुसरा तडाखा सोसेल याची मी खात्री देणार नाही. आईने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं. घर येईपर्यंत सोडलं नाही.

घरात आम्ही दोघंच. वडील परळच्या खोलीत असतानाच गेले, माझं लग्न राहिलं ते राहिलंच. आईचं सगळं आयुष्य दोन गोष्टींवर उभं आहे: मी, आणि रत्नागिरीकडच्या आमच्या गावचा ग्रामदेव. देवाला विचारल्याशिवाय तिने आजवर काही केलेलं नाही. विचारायची रीत अशी की गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे पाकळीकडे डोळे लावून उभे राहतात. उजवीकडची पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात, आणि कौल मोडणं ही आमच्याकडे कल्पनेतलीसुद्धा गोष्ट नाही. मला कुठल्या शाळेत घालायचं, परळची खोली विकायची का, मिरा रोडला जागा घ्यायची का, सगळं पाकळीने ठरवलं. माझ्या लग्नासाठी दोनदा डावा आला. तिसऱ्यांदा उजवा आला, तेव्हा मुलीनेच डावा दिला.

जानेवारीपर्यंत माझा खोकला गेला, सूज उतरली, रक्ताच्या रिपोर्टात त्या पेशी शहाण्यासारख्या आपल्या रकान्यात परतल्या. पण माझा चेहरा मात्र माझा राहिला नव्हता. गाल गोल झाले, मान भरली, डोळे आत गेले. सोसायटीत जो तो खूश. "चेहरा तो एकदम भर गया!" काकी म्हणाली. "आता कशी तब्येत दिसतेय," खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. आजारी असताना कुणी विचारलं नाही आणि औषधाने सुजलो तर अभिनंदन. त्यात भूक. मी दुपारी चार पोळ्या खाऊन पाचला भाकरी मागायचो. साखर वाढली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मीठ आधीच बंद होतं, त्यामुळे सुके बोंबील घरातून हद्दपार. आणि हात थरथरायचे. कॉम्प्युटरवर जिन्याची रेषा ओढताना माऊस हलायचा आणि जिना भिंतीतून बाहेर जायचा. साहेबांनी एकदा हसत काहीतरी म्हटलं, तर मी त्यांच्या अंगावर इतका ओरडलो की प्यून चहा घेऊन दारातूनच परत गेला.

त्या दिवशी घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो. मला तो आरशातला माणूस नको होता. काउंट नॉर्मल आहे, मग गोळी कशाला, असं मी आईशी भांडलो. बाईंनी तर समजावलं होतं, काउंट नॉर्मल आहे तो गोळीमुळे. पण माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याला दोनदा सांगून उपयोग नसतो. आई एकच म्हणायची, "डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलंय."

तेव्हा मला ती हुशारी सुचली. आज लिहितानाही लाज वाटते. माझा कौलावर काडीचाही विश्वास नव्हता, पण आईचा होता, आणि आईला डॉक्टरीणबाईंच्या वरचा एकच अधिकारी ठाऊक होता. मी म्हटलं, "आई, देवाला विचार. देव सोड म्हणाला तर सोडतो. नको म्हणाला तर तोंडातून शब्द काढणार नाही, तू देशील तितक्या घेईन." नाही म्हणणं तिला शक्यच नव्हतं. देवाला विचारू नको, असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार?

गावी काका असतात, वडिलांचे धाकटे भाऊ; आमच्या वतीने देवळात कौल लावायला तेच जातात आणि फोनवर कळवतात. मी त्यांना आधीच फोन करून पढवून ठेवलं: पोराला बरं वाटतंय, औषधाने अंग बिघडतंय, गोळी सोडायची का, असंच गाऱ्हाणं घालायला सांगा. देव झाला तरी प्रश्न कसा विचारतात यावर थोडं अवलंबून असणारच, असा माझा हिशेब.

कौलाच्या दिवशी आई सकाळपासून उपाशी होती. अकराच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजला, गावाहून काकांचा. मी हॉलमध्ये सोफ्यावर अर्धवट ग्लानीत होतो. भाईंदरच्या मिठागरांवरचं ऊन माझ्या डोळ्यांत घुसलंय आणि मी त्या पांढऱ्यावर रेषा आखतोय, असं काहीतरी चाललं होतं. आई फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती. ती "हां" म्हणाली. परत "हां" म्हणाली. फोन ठेवून तिने पदराने तोंड पुसलं.

"देव काय म्हणाला?" मी विचारलं.

"डावा," ती म्हणाली. "सोडू नको म्हणाला." आणि आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. तो फार वेळ चालू राहिला.

"तुझा देवपण डॉक्टरांना सामील आहे!" मी ओरडलो. पण शब्द दिला होता. आणि खोटं कशाला बोलू, डावा ऐकून माझ्या आत कुठेतरी एका भित्र्या माणसाला हायसं वाटलं. सोडायची जबाबदारी गेली. मी गोळ्या घेत राहिलो. बाईंनी सांगितलं तशा सहाच्या पाच झाल्या, पाचाच्या चार.

पुढचे दोन महिने मी असा तरंगत होतो की आईकडे नीट पाहिलंच नाही. आता ते एकेक करून वर येतं. मिक्सर जळला तेव्हा ती तो हातात घेऊन नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "अगं जुना होता, जळणारच." ती म्हणाली, "एवढ्यावर भागू दे." बाथरूममध्ये तिचा पाय घसरला, गुडघा फुटला, तर चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा सुटल्यासारखा भाव जास्त. मी जरा शिंकलो की मात्र पांढरी पडायची. संध्याकाळी देवापुढे बसायची ती दिवा विझेपर्यंत, ओठ हलत, आवाज नाही. मला वाटलं वय झालंय. मला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी पुटपुटतंय.

मग शिमगा आला. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी दारात येते, आणि मुंबईला गेलेला माणूस कुठेही असो, कुलूप उघडायला घरी जातोच. आईचा एकही शिमगा चुकलेला नव्हता, वडील गेले त्या वर्षीचासुद्धा. या वर्षी ती म्हणाली, "तुझं पथ्य कोण सांभाळणार? नाही जात." मी म्हटलं, मीपण येतो, आता बरा आहे. तर अंगावर आली, "तू अजिबात यायचं नाहीस! तू देवासमोर जायचं नाहीस इतक्यात." मला वाटलं गर्दी, धूळ, गुलाल, म्हणून म्हणतेय. हट्ट सोडला.

शिमग्यानंतरच्या आठवड्यात परत ती काळोखी खोली, परत करडं पाणी. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि मग चष्मा वर केला. गुठळी विरघळली होती. भिंत जवळजवळ पूर्वीसारखी.

"जानेवारीत तुम्ही गोळ्या सोडायचं म्हणत होतात ना," त्या म्हणाल्या. "सोडल्या असत्यात तर आज आपण या खोलीत नसतो. बरं झालं आईचं ऐकलंत."

"आईचं नाही, देवाचं," मी ऐटीत म्हणालो आणि मागे वळलो. आई हुंदके देत होती. इतका वेळ रोखून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं, आणि बाईंनी तिला पाणी दिलं.

त्याच आठवड्यात काका आले, पालखीचा नारळ घेऊन आणि डोळे तपासायला. आईने त्यांना पाटावर बसवून जेवायला वाढलं, पण त्यांच्या नजरेला नजर देईना. मला चालायला सांगितलं होतं म्हणून संध्याकाळी मी काकांना बसने उत्तनकडे नेलं. वाटेतल्या पाली गावाशी उतरून गल्ल्यांतून समुद्राकडे गेलो. बांबूंवर दोऱ्या बांधून बोंबील टांगले होते, ओळीच्या ओळी, आणि त्यांतून ऊन गाळून येत होतं. खाली बसलेल्या बाईला काकांनी ओल्या मासळीचं विचारलं. "ओली न्हाय आता, सुकीच हाय," ती म्हणाली. तो वास नाकात भरून घेत मी उभा राहिलो. जगणं किती चांगलं आहे, असं काहीतरी काकांना सांगणार होतो.

तेवढ्यात काका म्हणाले, "वयनी पालखीला का नाय आली रे? घर मी उघडलं, पण ओटी भरायला घरची बाई नाय. लोक विचारतात." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "आणि तू अजून त्या गोळ्या खातोस काय? देवान उजवा दिलान तरी?"

"डावा दिला ना?" मी म्हटलं.

"उजवा! माझ्या डोळ्यांदेखत. गुरवाचं गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तर पाकळी खाली. भायेर आलो नि पयला फोन तुझ्या आयशीला लावला. दोनदा सांगितलं, वयनी, उजवा, सोडायला सांगितलान."

मी तिथल्याच एका उलट्या होडीवर बसलो. बोंबील हलत होते. मला आधी काहीच कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. मिक्सर, गुडघा, मुके ओठ, तो फार वेळ चालू राहिलेला नळ. जन्मात कौल न मोडलेली बाई माझ्यासमोर खिडकीशी उभी राहून देवाच्या नावावर खोटं बोलली होती. आणि तो कौल मी लावायला लावला होता, माझे गाल गोल झाले म्हणून. काकांना मी एवढंच म्हणालो, की डॉक्टरांनी ऐकलं नाही, आईला काही बोलू नका. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका गेल्यावर आई गॅलरीत लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आई, कौल उजवा होता ना?"

तिची बोटं थांबली नाहीत. "होता."

"मग?"

"मग काय? डॉक्टरीणबाई म्हणालेली हृदय सोसणार नाही. मी काय पाकळी बघत बसू?" लसणाची पाकळी तिने ताटलीत टाकली. "देवाला शंभर घरं आहेत रे. मला तू एकच आहेस."

"तू घाबरली नाहीस?"

"घाबरले नाही कशी? रोज घाबरतेय." आता तिने लसूण खाली ठेवला. "रोज सांगते त्याला, खोटं मी बोललेय, याला काही ठाऊक नाही. कोपायचं तर माझ्यावर कोप. म्हणून तर शिमग्याला गेले नाही. कुठल्या तोंडाने त्याच्या समोर जाऊ?"

मी तिला माझी हुशारी सांगितली. काकांना कसं पढवलं तेही. वाटलं होतं रागवेल, निदान हसेल. ती नुसतं म्हणाली, "म्हणजे देवाचीही चूक नाही. त्याला विचारलंच तसं." आणि तिला बरं वाटलेलं दिसलं, देवाची बाजू सावरली गेली म्हणून. मग डोळे पुसून म्हणाली, "तू बरा आहेस ना आता? खरंच? मग मला एकदा गावाला ने. जे काय असेल ते समोर जाऊन होऊ दे."

मे महिन्यात गेलो. माझी एक गोळी उरली होती, चेहरा अर्धा परत आला होता. देवळात आम्ही तिघंच, ती, मी आणि गुरव. आत काळोख थंडगार, पाषाणावर फुलं, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ती उंबऱ्याशीच थांबली. मी हात धरला तर तो तिने सोडवून घेतला आणि पदर डोक्यावर घेतला. गुरवाने सवयीने पाकळ्या भिजवायला घेतल्या आणि विचारलं, "काय विचारायचं, आजी?"

"विचारायचं काही नाही," आई म्हणाली. "सांगायला आलेय."

गुरवाने पाकळ्या तशाच हातात धरल्या. आई पुढे झाली, वाकून पाषाणाला कपाळ लावलं. मग सरळ उभी राहिली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, "तू सोड म्हणालास, मी याला घे म्हणून सांगितलं. चुकले, पदर पसरते. पण परत अशीच वेळ आली, तर परत तेच सांगेन. ते आत्ताच तुझ्या कानावर घालते."